मीठमोहरी आणि सुहैल

ऑगस्ट संपत आला की शारजात माणसं वर बघायला लागतात. एरवी इथं आकाशाकडे बघायला काही कारण नसतं. जून-जुलैत ते पांढुरकं आणि धुळकट असतं, आणि माणूस पार्किंगमधून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून घरात असा मान खाली घालून पळत असतो. ऑगस्टच्या शेवटी मात्र भाजीवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, समोरच्या रशीदाभाभी असे सगळे एकाच पाहुण्याची चौकशी करतात. सुहैल दिसला का? सुहैल म्हणजे तारा. पहाटे, दक्षिणेला, क्षितिजाला चिकटून उगवतो. तो दिसला म्हणून दुसऱ्या दिवशी थंडी पडते असं नाही. घामाच्या धारा तशाच, बसच्या दांड्याला हात लावला की चटका तसाच. पण उन्हाळा आता उतरणीला लागला, एवढं सगळे धरून चालतात.

परवा पहाटे मी बाल्कनीचं दार सरकवलं आणि चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की ऑगस्टमध्ये असंच होतं, काही क्षण जग दिसतच नाही. चष्मा पुसत उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी ठिबकत होतं, अजान नुकतीच संपली होती, लांब कुठंतरी सिमेंटचा मिक्सर गरगरत होता. आणि मला तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात आमच्या घरात जादू या शब्दावरून वाद झाला होता. चांगला खणखणीत. तो वाद झाला नसता तर माझे बाबा मला परत मिळाले नसते, असं मी आजही मानते. बाबांना हे वाक्य आवडणार नाही. ते म्हणतील, यात कार्यकारणभाव कुठं सिद्ध झालाय?

बाबा म्हणजे विट्याच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आता निवृत्त, आणि बुवाबाजीचे हाडवैरी. सुट्टीच्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन ते गावोगाव जायचे. पारावर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून, बुवा लोक जे जे करतात ते सगळं करून दाखवायचे. मंत्र पुटपुटत समिधांवर तूप ओतायचे आणि होम आपोआप पेटायचा. बायका हात जोडायच्या. मग बाबा हसत सांगायचे, हे तूप नाही बायांनो, ग्लिसरीन आहे, आणि खाली पोटॅशियम परमँगनेटची पूड पसरलेली आहे. त्या ट्रंकेला कापूर, लिंबू आणि जळक्या कागदाचा मिळून एक वास होता. लहानपणी ती उचलायला मी एका बाजूनं हात लावायची. पुढं मी केमिस्ट्री शिकले आणि आता शारजातल्या शाळेत तीच शिकवते, याचं मूळ त्या वासात असावं.

आई गेली तो हिवाळा होता. तेराव्याचं वगैरे बाबांनी काही केलं नाही, करू दिलं नाही, आणि त्यावरून नातेवाईक जे बोलले त्याला उत्तरही दिलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. वाद सोडून देणारा माणूस नव्हता तो. त्यानंतर त्यांनी एकेक गोष्ट सोडत नेली. सकाळचा रेडिओ, दाढी, पेपर, ट्रंक. फोनवर 'हं' आणि 'नको' यांच्या पलीकडे शब्द येईनात. दर सुट्टीत आम्ही गावी जायचो, पण त्या वर्षी निखिलला, माझ्या नवऱ्याला, रजा मिळेना. म्हणून जुलैच्या ऐन कहरात मी बाबांनाच इकडे घेऊन आले. लोक मला वेड्यात काढत होते. शारजाच्या जुलैत माणूस आणतात का?

बाबा आले आणि हॉलमधल्या सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसले. एसीच्या वाऱ्यानं त्यांच्या शर्टाची कॉलर हलायची, तेवढीच हालचाल. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं संपवायचे. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. इरा, माझी मुलगी, तेव्हा चौथीत होती. आजोबांना ती काहीबाही दाखवायची, ते मान हलवायचे. बाबा जगतील की नाही याची मला धास्ती नव्हती. ते असेच बसून राहतील, मी रोज त्यांना वाढत राहीन आणि ज्या माणसाची ट्रंक मी उचलायची तो पुन्हा कधी भेटणारच नाही, याची होती. ही भीती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. दिसायला सगळं ठीकच चाललं होतं.

आता मेगनबद्दल. मेगन आमच्या शाळेत चित्रकला शिकवते. वेल्समधल्या डोंगराळ खेड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, नखांच्या कडेला कायम रंग. ती पेगन आहे. म्हणजे निसर्गातच देव बघणारी, ऋतूंचे सण पाळणारी. जुन्या युरोपातल्या श्रद्धांचे उरलेसुरले धागे जमवून अलीकडच्या काळात काही माणसांनी नव्यानं विणलेला हा पंथ आहे. हे तिनं मला ओळख चांगली मुरल्यावर सांगितलं, तेही समुद्राकाठी चालताना. आमच्यात प्रत्येकाची जादूची व्याख्या वेगळी असते, ती म्हणाली. कुणाची मंत्रात असते, कुणाची स्वयंपाकात, कुणाला ती आपल्याच मनाला वळण लावायची रीत वाटते. इथं जादूटोणा कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो शब्द ती चारचौघांत काढत नाही, आणि तिच्या घरात बघण्यासारखंही काही नाही. खिडकीत एक मातीचा वाडगा असतो. त्यात त्या त्या दिवसांत जे मिळेल ते ठेवलेलं असतं, कडुनिंबाचा मोहोर, शिंपले, नाहीतर अर्धवट पिकलेले खजूर.

तिची अडचण वेगळीच होती. तिच्याकडच्या पंचांगात ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या धान्याचा सण असतो. नवा गहू, नवा पाव. शारजात कुठला आलाय नवा गहू? पहिल्या वर्षी ती सुपरमार्केटमधला पाव आणून मेणबत्ती लावून बसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. बाहेर पन्नास डिग्री आणि आपण कुणाच्या शेताचा सण करतोय? मग तिनं ते पंचांग मिटून ठेवलं आणि इथलं नवं मांडायला घेतलं. कडुनिंब फुलतो तो एक सण. बाजारात रुतब, म्हणजे ओले मऊ खजूर, येतात तो दुसरा. सुहैल दिसतो तो सगळ्यात मोठा. त्यासाठी ती उन्हाळ्याच्या सुट्टीतही इथंच राहायची. ज्या जागेचा वाईट ऋतू आपण काढला नाही तिला आपली म्हणू नये, असं तिचं म्हणणं. मला ते पटायचं. मी स्वतः मात्र दर जुलैला पहिल्या विमानानं पळून जात आले होते.

बाबांशी ओळख करून देताना मी अर्थातच यातलं काही बोलले नाही. 'आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, झाडाझुडपांची आवड आहे,' एवढंच. बाबा म्हणाले, 'हं.' मेगन पुदिन्याची कुंडी ठेवून गेली. प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण आमच्या घरात इरा आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना इरा म्हणाली, 'आजोबा, यू नो, मेगन मिस इज अ विच.'

मी तिच्याकडे डोळे वटारले. ती घाईघाईनं म्हणाली, 'गुड वन, मम्मा! शी सेड सो.'

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला, पाणी प्यायले, आणि किती महिन्यांनी कोण जाणे, माझ्याकडे सरळ बघितलं.

'म्हणजे चेटकीण?'

'तसं नाही हो बाबा. त्यांचं ते निसर्गाचं काहीतरी असतं...'

'जादू करते म्हणते का?'

'म्हणजे... हो. पण तिची व्याख्या...'

'बोलाव तिला,' बाबा म्हणाले. 'पुरावा विचारायचाय.'

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि हसूही. मैत्रिणीला घरी बोलावून तिच्या श्रद्धेची उलटतपासणी करायची होती, आणि मला गणपती यायचा असावा इतका आनंद झाला होता. आधी इराला बसवून दम भरला, शाळेत, बसमध्ये, खाली खेळताना हा शब्द काढायचा नाही. मग मेगनला फोन केला. ती म्हणाली, येते की, पण मला चहा तुमच्या पद्धतीचा हवा, आल्याचा.

त्या संध्याकाळी बाबांनी दाढी केली. ओरखडे काढले गालावर, सवय गेली होती. मग माझ्याकडे हळद, कागद आणि कपडे धुवायची पावडर मागितली. मला लगेच कळलं. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद भिंतीला लावायचा, साबणाच्या पाण्यानं ओला केलेला तळवा त्यावर दाबायचा, की लालभडक पंजा उमटतो. भुताचा पंजा, रक्ताचा. गावात यावर एकेका बुवानं घरं बांधली आहेत.

मेगन आल्यावर बाबांनी तिला नमस्कार केला आणि काही न बोलता आधी तो पंजा उमटवून दाखवला. कारण सांगितलं, साबणातली अल्कली आणि हळद. बाबांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, वाक्य पुरं केल्याशिवाय श्वास न घेणारं. त्यांना वाटलं होतं बाई वरमेल. मेगननं टाळ्या वाजवल्या आणि 'पुन्हा!' म्हणून ओरडली. मग तिनं स्वतःचा हात बुडवला, मग इरानं, मग माझाही झाला. भिंतीला लावलेल्या कागदावर आम्हा सगळ्यांचे लाल पंजे. बाबा ओठ दाबून हसत होते. ते हसू मी ट्रंकेच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच बघत होते.

'आता तुमची पाळी,' बाबा म्हणाले. 'तुम्ही काय करून दाखवता?'

'करून दाखवण्यासारखं काही नाही माझ्याकडे,' मेगन म्हणाली. 'माझी जादू फार लहान आहे.'

'पैसे घेता?'

'नाही. जे घेतात त्यांना तुरुंगात टाकावं.'

'आमच्या महाराष्ट्रात तसा कायदा आहे,' बाबा म्हणाले, आणि जरासे हिरमुसले. प्रतिपक्ष पहिल्याच मुद्द्यावर सहमत झाला की वादात गंमत राहत नाही. मग त्यांनी थेट विचारलं, 'जादू म्हणजे काय? व्याख्या करा.'

मेगननं चहाचा कप खाली ठेवला. ती म्हणाली, 'एखाद्या गोष्टीकडे इतकं लक्ष द्यायचं की आपण पूर्वीसारखे राहत नाही. माझी व्याख्या एवढीच आहे. दुसऱ्या कुणाची वेगळी असेल.'

'वाक्य छान आहे. पुरावा?'

'प्रयोग करू या,' ती म्हणाली. 'पण प्रयोगाचा विषय तुम्ही असाल. रोज पहाटे, उजाडायच्या आधी, बाल्कनीत उभं राहायचं. दक्षिणेकडे बघायचं आणि कालच्यापेक्षा काय वेगळं दिसलं ते मला कळवायचं. सुहैल दिसेपर्यंत. तो दिसला की आपण ठरवू, जादू झाली की नाही.'

'होणार नाही,' बाबा म्हणाले. 'तारा पृथ्वी फिरते म्हणून दिसतो.'

'मग तुम्हाला हरायची भीती नाही.'

बाबांना हे लागलं. त्यांनी उजवा हात पुढे केला, हळदीनं अजून लाल असलेला, आणि मेगननं तो हातात घेतला. प्रयोग ठरला.

इरानं आजोबांना व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं. पहिला मेसेज मी आतल्या खोलीतून ऐकला. बाल्कनीत उभे राहून, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे ताठ, फोन तोंडासमोर धरून बाबा म्हणत होते, 'गुड मॉर्निंग मॅडम. टुडे, नो मिरॅकल. थँक यू.' पुढचे काही दिवस एवढंच. मग एकदा, 'टुडे ऑल्सो नो मिरॅकल. बट द क्रेन हॅज टर्न्ड इट्स फेस.' समोर बांधकामाची क्रेन होती, तिचं तोंड आदल्या दिवशी दुसरीकडे होतं. मग एसीच्या बाहेरच्या डब्यावर पारव्यानं काड्या आणल्याची बातमी गेली. मग अंड्याची. मग बाबांच्या लक्षात आलं की पहाटे वारा समुद्राकडून येतो की वाळवंटाकडून, हे बाल्कनीच्या काचेवर किती पाणी धरलंय त्यावरून सांगता येतं, आणि यावर मेगनला एक लांबलचक मेसेज गेला, दोनदा खाकरून.

घरात मग काय काय व्हायला लागलं ते मी दाराआडून बघत होते. पहाटे उठायचं म्हणून बाबा वेळेवर झोपायला लागले. उठलेच आहोत तर चहा टाकू, म्हणून मला चहाच्या वासानं जाग यायला लागली. चहा टाकलाय तर निखिलशी चार शब्द होऊ लागले. निखिलचं ऑफिस दुबईतल्या देऱ्यात. तो पहाटेच घर सोडतो, नाहीतर रस्त्यात अडकतो.

'बाबा, माझी डेफिनिशन सिंपल आहे,' तो बूट घालताना म्हणाला. 'शारजा ते दुबई रोड क्लिअर मिळाला, दॅट इज मॅजिक.'

'कधी मिळालाय?' बाबांनी विचारलं.

'ईदला. एकदा.'

रशीदाभाभींनाही प्रयोगाची बातमी लागली. त्यांचं माहेर रत्नागिरीकडच्या खाडीवर, नवऱ्याचा देऱ्यात मसाल्याचा धंदा. ताटलीभर रुतब घेऊन त्या आल्या आणि दारातच म्हणाल्या, 'काका, सुहैल बघताव ना, बघा. पण ता जादू-बिदू नको बोलू हां. दुआ बोला. आमच्याकडं तीच चालते.'

'दोन्हीत फरक काय?' बाबांनी उत्साहानं विचारलं.

'जादू आपुन करतो. दुआ मागतो. मिळंल का नाय, इन्शाल्ला,' भाभी म्हणाल्या, आणि त्यांची भाजी करपत होती म्हणून गेल्या. बाबांनी एक खजूर चघळून बी ताटलीत ठेवली. 'मुद्दा आहे,' ते शेवटी म्हणाले.

सुहैल दिसल्याची बातमी पेपरात येऊन गेली, तरी आमच्या बाल्कनीतून तो दिसेना. दोन टॉवरांच्या मधली फट, त्यात धूळ आणि दमट धुकं. बाबा अस्वस्थ झाले. हरायची नव्हे, न दिसण्याची काळजी लागलेली. तारा तर उगवला होता, मग आपल्यालाच का नाही? मला गंमत वाटली, कारण ज्याच्या असण्या-नसण्यावर काहीच ठरणार नव्हतं असं ते म्हणत होते, त्याच्यासाठी आता ते अर्धा तास आधी उठत होते. एका शुक्रवारी मेगन स्वतः पहाटे आली. शारजात शुक्रवारी सुट्टी असते. आम्ही तिघं बाल्कनीत उभे, चष्मे पुसत.

आणि मग फटीच्या तळाशी काहीतरी लुकलुकलं. तांबडं, मग हिरवट, मग पांढरं. मला वाटलं विमानाचा दिवा. बाबांनी कठडा धरला.

'अगस्त्य,' ते म्हणाले. मराठीत. मेगनला कळलं नाही, पण तिनं विचारलंही नाही.

'सुजू, हा आपला अगस्त्य आहे गं. समुद्र प्यायलेला तो. लग्न झालं त्या हिवाळ्यात तुझ्या आईला विट्याच्या गच्चीवरून दाखवला होता मी. सगळी कथा सांगितली. तर म्हणते, एवढासा? एवढासा हा समुद्र प्यायला?' बाबा हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. आई गेल्यापासून ते रडलेच नव्हते. मेगननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अजान सुरू झाली आणि संपली, तारा पांढरा पडत पडत उजेडात गेला.

आत येऊन चहा झाल्यावर मेगननं विचारलं, 'मग? जादू झाली का?'

'नाही,' बाबा म्हणाले. 'पृथ्वी फिरते.' मग कप खाली ठेवून, 'पण मॅडम, तुम्ही तारा दाखवायला नव्हता आलात. प्रयोग माझ्यावर केलात.'

'मी सांगितलं होतं. विषय तुम्ही.'

बाबांनी मान डोलावली. 'एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुन्हा करावा लागेल.'

त्याच सकाळी, मेगन गेल्यावर, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. कार्यक्रमांहून दमून ते परत यायचे, संध्याकाळी आडवे व्हायचे. आई समजायची की डोळा लागला. मग ती मुठीत मीठमोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन यायची आणि त्यांची दृष्ट काढायची. गावभर लोकांच्या डोळ्यांवर येणारा नवरा, तिला काळजी वाटायची. बाबांना कळू नये म्हणून अगदी हलक्या पावलांनी.

'तुम्हाला माहीत होतं?' मी विचारलं.

'पहिल्या दिवसापासून.'

'आणि तुम्ही झोपेचं सोंग घेत होतात?' मला रागच आला थोडा. 'लोकांना गावोगाव जाऊन सांगायचात, हे सगळं खोटं आहे म्हणून!'

'खोटंच आहे. मीठमोहरीनं काही होत नाही,' बाबा म्हणाले. 'मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या की मला असा ठसका यायचा, पण मी दाबून धरायचो. ठसका आला तर तिच्या हिशेबानं दृष्ट नव्हतीच. मग ती काळजी करत बसायची, दृष्ट नाही तर ह्यांना झालंय काय? नाही आला की म्हणायची, बघा, ठसकासुद्धा नाही, केवढी लागली होती! आणि खूश होऊन स्वयंपाकाला लागायची.' त्यांनी कपाची कड बोटानं पुसली. 'ती माझ्यावरून हात फिरवायची ना, तेवढा वेळ तिचं सगळं लक्ष माझ्याकडं असायचं. त्याला काय पुरावा मागायचा, सुजू?'

मला तेव्हा मेगनची व्याख्या आठवली, आणि भाभींचीही. बाबांना मी दोन्हीतलं काही बोलून दाखवलं नाही. त्यांना ते आपोआप आठवलं असणार, आणि आपल्याला काय आठवलं ते ते कबूल करणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. माझी स्वतःची व्याख्या विचाराल तर अजून नीट झालेली नाही. केमिस्ट्रीत आम्ही एका पदार्थात दुसरा घालतो आणि रंग बदलतो. का बदलतो ते मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते. आणि तरी दर वर्षी, रंग बदलतो त्या क्षणी, सगळा वर्ग 'हाऽऽ' करतो आणि मीही आतून करते. समीकरण माहीत असूनही ते 'हाऽऽ' कमी होत नाही. माझी व्याख्या तिथंच कुठंतरी असावी.

बाबा आता विट्यातच असतात. ट्रंक पुन्हा उघडली आहे. शाळांमधून हळदीचा पंजा करून दाखवतात, मात्र आता पोरांनाही हात बुडवू देतात. या दिवसांत तिकडे आभाळ भरलेलं, अगस्त्य दिसण्याची सोय नाही. म्हणून परवा पहाटे माझ्या फोनवर मेसेज आला. 'गुड मॉर्निंग. आमच्याकडं ढग आहेत. तू बघ आणि कळव. मेगन मॅडमना नमस्कार सांग.' म्हणून तर मी चष्मा पुसत उभी होते. दिसला नाही. तसं कळवलं. उत्तर आलं, 'ठीक आहे. उद्या पुन्हा बघ.'

त्या वर्षी बाबा परत निघाले तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. बाल्कनीचं दार आता रात्री थोडं उघडं ठेवता यायचं. विमान दुसऱ्या दिवशी होतं, बॅग भरून दाराशी उभी होती. तिन्हीसांजेला बाबा म्हणाले, 'जरा पडतो,' आणि सोफ्यावर आडवे झाले, पूर्वेकडे डोकं करून, हात पोटावर. मी दिवा लावता लावता थांबले. बाबा या वेळेला कधीच झोपत नाहीत. दमून आले तरच. आज तर ते दिवसभर कुठं गेलेच नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली, कोरड्या लाल मिरच्या घेतल्या. हलक्या पावलांनी आले आणि त्यांच्या डोक्यापासून पायांपर्यंत हात फिरवला. शब्द मला पाठ नव्हते, आईच्या ओठांवरून जेवढे आठवत होते तेवढे म्हटले, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. त्यांचे पांढरे केस, गालावरचा एक राहून गेलेला खुंट, मनगटावरचा आईनं दिलेल्या घड्याळाचा पट्टा, सगळं मी नीट बघून घेतलं. मग गॅसवर लोखंडी तवा ठेवला आणि मूठ त्यात टाकली.

विट्याच्या स्वयंपाकघरात धुराड्यातून धूर वर जातो. शारजाच्या फ्लॅटमध्ये तो हॉलमध्ये येतो आणि तिथं छताला स्मोक डिटेक्टर असतो. हे केमिस्ट्रीच्या शिक्षिकेच्या लक्षात यायला हवं होतं.

अलार्म असा किंचाळला की अख्खा मजला दारात आला. निखिल खोकत खोकत टॉवेलनं छताला वारा घालत होता. इरा कानांवर हात ठेवून ओरडत होती, 'आजोबा, वेक अप! फायर!' नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा रखवालदार, धावत आला, 'मॅडम, क्या जल गया?' म्हणून त्यालाही ठसका लागला. रशीदाभाभींनी दारातूनच वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याला सांगितलं, 'कुछ नहीं भाई, मिर्ची की फोडणी है. खलास. तुम जाओ.'

आणि या सगळ्या कल्लोळात बाबा सोफ्यावर डोळे गच्च मिटून पडून होते. हलले नाहीत. आम्ही सगळे खोकून खोकून लालबुंद झालो होतो, आणि त्यांचं पोट नुसतं आतल्या आत गदगदत होतं, ओठ घट्ट दाबलेले, ठसका दाबून धरलेला. मी गॅस बंद केला, त्यांच्या उशाशी आले आणि अलार्मच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'बघा, ठसकासुद्धा नाही. केवढी लागली होती!'

बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानांकडे गेलं. मिरचीच्या धुरानं डोळ्यांना पाणी येतं, हे मी कुठल्याही वर्गात सिद्ध करून दाखवू शकते.